थांबण्याचं कलम

मला तापीपूरच्या महापौराचा राग आहे. तापीपूर कुठल्याही नकाशावर नाही, ते कॉम्प्युटरवरच्या एका खेळातलं शहर आहे, आणि त्याच्या महापौराचं धुळ्यात मोबाईलची कव्हरं विकायचं दुकान आहे, हे सगळं मला ठाऊक आहे. तरीही राग आहे. खऱ्या पुढाऱ्यांवर रागावण्याची आपल्याला सवय असते, त्यामुळे तो राग दोन दिवसांत उतरतो. हा उतरत नाही.

नाना माझे घरमालक. जळगावला महाविद्यालयात शिकवायला लागलो तेव्हापासून सात वर्षं मी त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहिलो. खाली ते आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. नानांनी आयुष्यभर मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शहरातले निम्मे डॉक्टर, सराफ आणि डाळमिलवाले त्यांच्याकडे गाडी शिकले. उरलेले निम्मे कुठे शिकले ते रस्त्यावर दिसतंच, असं नाना म्हणत.

त्यांच्या शिकवण्याची एक रीत होती आणि तिच्यापायी कितीतरी गिऱ्हाइकं पहिल्याच दिवशी पळून जात. नवीन माणसाला ते गाडीत शेजारी बसवून नशिराबादपर्यंत नेत, हायवेच्या कडेला उतरवत आणि म्हणत, ‘जा. पलीकडे जाऊन परत या.’ संपला पहिला धडा. गाडीला हातसुद्धा लावायचा नाही.

एका सराफाने तक्रार केली, ‘नाना, मी गाडी शिकायला आलोय. रस्ता ओलांडायला माझी आईच शिकवून गेलीय.’

‘शेठ,’ नाना म्हणाले, ‘उद्या तुम्ही गाडीत असाल तेव्हा इथं दुसरं कोणीतरी उभं असणार. त्याची ओळख करून घ्या.’

शेठ वीस मिनिटं कडेला उभे राहिले. ट्रकामागून ट्रक, त्यामागे केळीच्या गाड्या, त्यांच्यामधून घुसणाऱ्या मोटारसायकली. ओलांडून परत आले तेव्हा त्यांच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता. पण पुढे तेच शेठ शहरातला सगळ्यात सावध गाडीवाला म्हणून नावारूपाला आले. लोक त्यांना भित्रे म्हणत. नाना त्यांना सुशिक्षित म्हणत.

हॉर्नची गंमत वेगळी. शिकणाऱ्याचा हात हॉर्नकडे गेला की नाना विचारत, ‘कोणाला? आणि कशासाठी?’ दोन्हींची उत्तरं मोठ्याने दिल्याखेरीज हॉर्न वाजवायची परवानगी नसे. उत्तर तयार होईपर्यंत समोरचा माणूस बहुधा निघून गेलेला असे. ‘बघा,’ नाना म्हणत, ‘गरजच नव्हती.’

ते स्वतः पायी चालतानासुद्धा वळण्याआधी हात दाखवत. आमच्या गल्लीत शिरताना उजवा हात बाहेर काढून, मागे वळून पाहून, मग वळत. मागे बहुतेक वेळा एक कुत्रं असे. लग्नाच्या पंगतीत कोणाला ओलांडून पुढे जायचं झालं तरी हात दाखवत. लोक हसत. मीही पहिलं वर्षभर हसलो. नंतर माझ्या लक्षात आलं की या शहरात, पुढचा माणूस आता कुठे जाणार आहे हे आधी सांगणारा मला भेटलेला हा एकटाच आहे.

लिहिलेल्या शब्दावर नानांची श्रद्धा होती. रविवारी सकाळी विहारात ते संविधानातलं एक कलम वाचून दाखवत आणि मग त्यावर पंधरा मिनिटं बोलत. मी एकदा म्हटलं, ‘नाना, कायद्याने माणूस सुधारतो यावर माझा काही विश्वास नाही.’

‘तुमचा नसेल,’ ते म्हणाले. ‘तुम्हाला लोक आडनाव विचारल्याशिवाय पाणी देत आले. सर, चांगुलपणावर सोडलं की आमचा नंबर शेवटी लागतो. लिहिलेलं असलं की निदान बोट तरी ठेवता येतं.’



मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसे, पण बाजूचं दिसेनासं झालं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली आणि नानांनी त्याच दिवशी बंद केली. स्कूलची पाटी उतरवली. जुनी शिकवायची गाडी मात्र अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. संध्याकाळी नाना तिच्यात जाऊन बसत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, काच पुसून घेऊन. अक्का स्वयंपाकघराच्या दारातून ओरडे, ‘भाऊ, गाडी कोठेच जाई नही राह्यनी. उतर, जेवाले ये!’ मग ते उतरत. उतरण्याआधी मागे पाहून घेत.

दोन वर्षं अशी गेली. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी ठिबक सिंचनाच्या कारखान्यात नोकरीला होती. तिने एके दिवशी एक खोकं आणलं. त्यात खेळाचं स्टिअरिंग होतं, खाली क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. ते सगळं तिने आपला जुना कॉम्प्युटर आणून दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडून दिलं आणि नानांना तापीपूरचा नागरिक केलं.

तापीपूर म्हणजे काय ते एकदा सांगून टाकतो. जळगाव, धुळे, दोंडाईचा, कुठून कुठून पोरं एकाच वेळी त्या खेळात शिरतात. प्रत्येकाने एक भूमिका घ्यायची. कोणी पोलीस, कोणी रिक्षावाला, कोणी डॉक्टर. मग कानाला माईक लावून त्या भूमिकेतच बोलायचं, वागायचं. शहराला रस्ते आहेत, सिग्नल आहेत, दवाखाना आहे. आणि खानदेशातल्या लोकांनी वसवलेलं असल्यामुळे चौकाचौकात महापौराच्या वाढदिवसाचे फ्लेक्सही आहेत. ते पाहून मला पहिल्यांदा या खेळाच्या वास्तवतेची खात्री पटली. विद्यार्थिनी तिथे ॲम्ब्युलन्सची डॉक्टर होती.

नानांना त्या पडद्यावर स्वर्ग मिळाला. तिथे सगळं समोरच असतं. ते टॅक्सी चालवायचे. सिग्नलला थांबायचे, प्रवाशाला ‘पट्टा लावा’ म्हणायचे. मागची पोरं हॉर्न वाजवून वाजवून थकायची आणि नाना माईकमध्ये शांतपणे विचारायचे, ‘कोणाला? आणि कशासाठी?’

एका दुपारी खालून ओरडण्याचा आवाज आला. मी धावत उतरलो.

‘सर, या, या! माणूस पडलाय!’

‘कोण?’

‘मी!’

पडद्यावर नाना रस्त्याच्या मधोमध आडवे होते. टॅक्सी कडेला लावून पायी निघाले असताना कोणीतरी उडवलं होतं. तिथला नियम असा की उडवला गेलेला माणूस हलू शकत नाही आणि त्याने बोलायचंही नाही, फक्त कण्हायला परवानगी. डॉक्टर आला तर उठवतो. नाहीतर बऱ्याच वेळाने आपोआप दवाखान्यात जाग येते. आम्ही दोघे सोफ्यावर बसून नानांकडे पाहत राहिलो. गाड्या येत होत्या, वळसा घालून जात होत्या. एकाने तर वळसाही घातला नाही.

‘नाना, खेळ आहे हा,’ मी म्हटलं.

‘तेच तर म्हणतोय ना मी!’ त्यांचा चेहरा लाल झाला होता. ‘खऱ्या रस्त्यावर माणूस थांबत नाही, कारण पोलीस, कोर्ट, साक्ष. वर लोकांचा मार. पटत नाही, पण समजू शकतं. इथं कशाची भीती आहे? इथं थांबायला काय जातं यांचं? खेळातसुद्धा थांबत नाहीत?’

नीतिशास्त्रावरची बरीच पुस्तकं माझ्या खोलीत होती. एवढा उघडा प्रश्न त्यातल्या एकातही वाचल्याचं मला आठवत नाही.

त्या आठवड्यात आम्ही कलम लिहिलं. नाना सांगत, मी टाईप करत असे. तापीपूरला वाहतुकीचे सोळा नियम होते, त्यातले दहा महापौराच्या ताफ्याला वाट देण्याबद्दलचे. हे सतरावं. ‘ज्या वाहनचालकाच्या वाहनाने माणूस पडेल त्याने वाहनातून उतरावे, पडलेल्या माणसाजवळ उभे राहावे, आणि डॉक्टर येईपर्यंत तिथून हलू नये. जो हलेल त्याचा परवाना कायमचा रद्द.’

मी माझी अक्कल चालवली. ‘“अपरिहार्य कारण वगळता” असं घालू या का?’

‘घालू नका.’

‘पण नाना, खरंच कधी…’

‘सर, अपरिहार्य कारण नसलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पस्तीस वर्षांत पाहिला नाही. प्रत्येकाची आई दवाखान्यात असते.’

मी ते शब्द खोडले. मग उगीच, चौकशी म्हणून विचारलं, ‘तुमच्या घरातलं कोणी असं, रस्त्यावर…?’

ते माझ्यावर एवढे कधीच चिडले नव्हते. ‘घरातलं कोणी मरायला पाहिजे का त्यासाठी? तुम्ही शिकलेली माणसं प्रत्येक गोष्टीला एक मयत शोधता. रस्त्यात माणूस पडलाय, एवढं कारण पुरत नाही?’

त्यानंतर मी कोणालाही तो प्रश्न विचारलेला नाही.

तापीपूरची सभा रविवारी दुपारी भरे. महापौर उंच व्यासपीठावर, खाली नगरसेवकांच्या रांगा, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगत असलेलं. महापौराला खऱ्या सभा ऐकायची फार हौस असावी, कारण पहिली सात मिनिटं त्याने ‘व्यासपीठावरील व व्यासपीठाखालील सर्व मान्यवर’ यांच्यातच घालवली. त्याला मी तेव्हा ‘बिचारा’ म्हणालो होतो. तो शब्द मी परत घेतो.

नानांनी कलम वाचलं. उभं राहून वाचलं. दिवाणखान्यात, टीव्हीसमोर, इस्त्रीचा शर्ट घालून.

एक नगरसेवक म्हणाला, ‘काका, असं थांबत बसलं तर मजा काय राहणार?’

‘पडून राहायची मजा येते का तुम्हाला?’

‘नाही, पण…’

‘मग त्याला विचारा.’

दुसऱ्याने दुरुस्ती सुचवली. शहराचे मानाचे नागरिक, म्हणजे महापौराची मित्रमंडळी, यांना या कलमातून सूट असावी, कारण त्यांचा वेळ मोलाचा असतो. महापौर म्हणाला, ‘सूचना विचार करण्यासारखी आहे.’

‘अध्यक्ष महाराज,’ नाना म्हणाले, ‘लाल दिव्याच्या गाडीने उडवलं तर लागत नाही का?’

सभेत हशा झाला. कोणीतरी माईकमध्येच शिट्टी वाजवली. तापीपूरची निवडणूक दीड महिन्यावर आली होती आणि नानांच्या टॅक्सीत बसलेली पोरं पुष्कळ होती. महापौराने दुरुस्ती बाजूला ठेवली आणि कलम जसंच्या तसं मंजूर झालं. नानांनी टीव्हीला नमस्कार केला. अक्काने दारातून विचारलं, ‘काय व्हयनं रे भाऊ?’ नाना म्हणाले, ‘कायदा व्हयना, अक्का.’ तिने सगळ्यांना गुळाचा खडा दिला. माझ्यासमोर एवढ्या साधेपणाने झालेला हा एकमेव कायदा आहे.

आणि सांगायची गोष्ट ही की तो चालला. जवळजवळ महिनाभर चालला. पोरं थांबू लागली. आधी परवाना जाईल म्हणून थांबली, मग थांबलोच आहोत तर म्हणून पडलेल्याशी बोलू लागली. ‘दादा, घाबरू नको, डॉक्टरला सांगितलंय.’ ‘कुठला तू? दोंडाईचा का? स्टेशनजवळ माझी मावशी राहते.’ पडलेला नियमाप्रमाणे नुसता कण्हायचा. विद्यार्थिनी सांगायची, ‘नाना, आता मी पोचते तेव्हा चारचार जणं उभी असतात. गर्दी बाजूला करावी लागते.’ नाना म्हणत, ‘गर्दीचं कलम नंतर बघू.’

या यशाबद्दल महापौराने सत्कार ठेवला. खऱ्या धुळ्यात, भाड्याच्या खऱ्या हॉलमध्ये. आम्ही बसने गेलो. दारातच फ्लेक्स होता. महापौराचा चेहरा छपराएवढा, आणि खाली कोपऱ्यात नाना, हात जोडलेले. मूळ फोटोत त्यांनी हात जोडलेले नव्हते, जोडलेले हात कोणाचे तरी दुसऱ्याचे चिकटवले होते. शाल झाली, श्रीफळ झालं. मग महापौर बोलला. वय असेल सव्वीस-सत्तावीस, पण बोलताना एक हात मागे घ्यायची कला त्याला साधली होती. ‘ही संकल्पना,’ तो म्हणाला, ‘गेले कित्येक दिवस माझ्या मनात घोळत होती. आपल्या या लाडक्या आजोबांनी तिला फक्त शब्द दिले.’

मी उठून उभा राहणार होतो. नानांनी माझा शर्ट धरला. परतीच्या बसमध्ये मी पारोळ्यापर्यंत बडबडत होतो. नाना खिडकीतून ड्रायव्हर ओव्हरटेक कसं करतो ते पाहत होते.

‘शब्दच तर लागतात, सर,’ अखेर ते म्हणाले. ‘बाकी सगळं प्रत्येकाच्या मनात असतंच.’

हे मी त्यांचं मोठेपण म्हणून सांगत नाही. मला तेव्हाही ते पटलं नाही, आजही पटत नाही. अंगावरच्या शालीचा त्यांनी पुढे टीव्हीवर घालायला उपयोग केला, एवढं समाधान.

मे महिन्यातली एक दुपार. कूलर लावून नाना टॅक्सी चालवत होते, मी पेपर तपासायला खालीच बसलो होतो. तापीपूरच्या बाजारात उभ्या ट्रकच्या मागून एक माणूस एकदम समोर आला. नानांनी ब्रेक दाबला, इतक्या जोरात की खालची सतरंजी सरकली. पण तो पडला. डोक्यावर नाव तरंगत होतं, नवीन होता, शहरात पहिलाच दिवस. नाना गाडीतून उतरले, त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि माईकमध्ये म्हणाले, ‘घाबरू नका. मी इथेच आहे.’

आणि लाईट गेली.

कूलर थांबला, पडदा काळा झाला. नाना स्टिअरिंगसमोर तसेच बसून राहिले. मग म्हणाले, ‘सर, तो तिथं पडलाय.’

मी विद्यार्थिनीला फोन लावला. कारखान्यात पाळीच्या वेळी फोन बाहेर ठेवावे लागतात, तिने उचलला नाही. महापौराला लावला. दुकानात गिऱ्हाईक होतं. त्याने उचलला, ‘करतो, करतो’ म्हणाला आणि ठेवून दिला. नाना अंगणात जाऊन विजेच्या खांबाकडे पाहून आले. परत आत आले. परत बाहेर गेले. अक्का म्हणाली, ‘भाऊ, खेळ शे तो.’ नाना तिला म्हणाले, ‘मी त्याले सांगेल शे. आठेच शे म्हनीसन सांगेल शे.’

दोन तासांनी लाईट आली. बाजारात कोणी नव्हतं. लाईट जाताच नाना खेळातून नाहीसे झाले होते, आणि शहराच्या नोंदीत एक ओळ होती, ‘चालक घटनास्थळावरून पसार.’ तो नवीन माणूस दहा-बारा मिनिटं एकटा पडून राहिला होता, मग खेळातून निघून गेला होता. पुन्हा तो तापीपूरला आला नाही. नानांनी त्याला निरोप पाठवले, तीन वेळा. उत्तर नाही.

नानांनी स्वतःविरुद्ध तक्रार लिहिली. मीच टाईप केली. त्यात आम्ही ‘लाईट’ हा शब्द घालावा म्हणून मी पुष्कळ आर्जवं केली. त्यांनी घालू दिला नाही. ‘तो माझा बचाव झाला. तक्रारीत आरोपीचा बचाव नसतो.’

रविवारी सभा भरली. महापौराने आवाजात ओलावा आणला. ‘नाना, लाईट जाणं तुमच्या हातात होतं का?’

‘नाही.’

‘मग झालं तर!’

‘त्याचं पडून राहणं त्याच्या हातात होतं का?’

‘नाना, तुम्ही या शहराचं भूषण आहात. तुमच्या वयाचा मान राखून मी विशेष अधिकारात…’

‘हा अधिकार कुठल्या कलमात आहे?’

‘…विशेष अधिकारात माफी देतो.’

‘तुम्ही कोण माफी देणारे? लागलं त्याला. माफी आणायची असेल तर त्याच्याकडून आणा. परवाना रद्द करा. लिहिलंय तसं करा. माझ्यापासून सुरू झालं तर पुढे कोणाला म्हणता येणार नाही की मला का. एवढी एक संधी आहे तुम्हाला, कायदा खरा करायची.’

मतदान झालं. माफीच्या बाजूने सगळे, विरुद्ध एक. ते एक मत आरोपीचं. सगळ्यांनी पडद्यावर टाळ्यांची चित्रं टाकली. इतकी टाकली की नाना त्यांच्यामागे दिसेनासे झाले. मोठेपणा दाखवायला माफीइतकं सोपं काही नसतं, विशेषतः लागलेलं दुसऱ्याला असेल तेव्हा. त्या पोरांना वाटलं आपण एका म्हाताऱ्या माणसावर उपकार केला. त्यांच्यातला एकही जण दुष्ट नव्हता, आणि याचाच मला जास्त संताप येतो.

सोमवारी एका रिक्षाने एकाला उडवलं आणि रिक्षा निघून गेली. रिक्षावाल्याने लिहून दिलं, ‘लाईट गेली होती.’ मंगळवारी तिघांची लाईट गेली. नानांना मिळाली ती माफी आम्हाला का नाही, असं त्यांनी विचारलं, आणि ते चूक कसं म्हणणार? आठवड्याभरात तापीपूरला जगातलं सगळ्यात अंधारं गाव म्हणून नाव मिळायला हवं होतं. बॅटरीवर लॅपटॉप चालवणाऱ्यांची लाईट गेली. पुण्यात राहणाऱ्यांची गेली. महापौराच्या विजयाच्या मिरवणुकीत लाल दिव्याच्या गाडीखाली दोघे आले, तेव्हा त्याचीही लाईट गेली, फक्त मतदारांचे आभार मानणारा त्याचा आवाज स्पीकरवर पुढे चालूच राहिला. सतरावं कलम कोणी रद्द केलं नाही. ते अजून आहे. पाटीवर आहे.

नानांनी परवाना परत घ्या म्हणून अर्ज केला. महापौराने कळवलं की सन्मानित नागरिकाचा परवाना काढून घेण्याची तरतूद नाही. मग नानांनी टॅक्सी तिथल्या पोलीस चौकीच्या दारात नेऊन लावली आणि उतरले. स्टिअरिंग सोडवलं, क्लच-ब्रेकच्या वायरी गुंडाळल्या, सगळं खोक्यात घालून अक्काकडे दिलं. तिने ते माळ्यावर टाकलं. मी म्हटलं, ‘नाना, शिक्षा कोणी दिलेली नाही तुम्हाला.’

‘म्हणून तर मला द्यावी लागतेय,’ ते म्हणाले.

त्यांना गाडी चालवायला या जगात तेवढी एकच जागा उरली होती.

पुढे माझी बदली धुळ्याला झाली. त्या दुकानावरून मी रोज जातो आणि कव्हर फाटलं तरी तिथून घेत नाही. दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी जळगावला गेलो, तेव्हा सरळ नानांच्या घरी गेलो. नाना टीव्हीसमोर होते, पुढ्यात साधा कीबोर्ड. उठले नाहीत. हातानेच ‘बसा’ म्हणाले.

‘आते पायी फिरस,’ अक्काने मला चहा देत सांगितलं. ‘कोनी पडनं की तठे जाईसन उभा राहास. दिवसभर हाच धंदा.’

पडद्यावर नाना रस्त्यात उभे होते आणि त्यांच्या पायाशी कोणीतरी आडवं पडलं होतं. डोक्यावरचं नाव वाचलं आणि मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. महापौर होता. गाडीला टेकून फोटो काढत असताना मागून कोणीतरी उडवून गेलं होतं. ताफा पुढे निघून गेला होता. गाड्या वळसा घालून जात होत्या.

‘नाना,’ स्पीकरमधून महापौराचा आवाज आला, ‘नाना, हे बरोबर नाही हं. ते कलम आपण पुन्हा नीट लागू करू या. मी स्वतः पुढाकार घेतो. रविवारीच…’

‘गप्प पडून राहा,’ नाना म्हणाले. ‘जखमी माणूस एवढा बोलत नसतो.’

‘पण नाना…’

‘कण्हा.’

तो कण्हला. मी म्हटलं, ‘नाना, चला. चहा गार होतोय. असू दे त्याला पडलेला. याच्याचमुळे सगळं…’

नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘चहा झाकून ठेवा,’ म्हणाले.

बराच वेळ गेला. मी चिडूनच बसलो होतो. मी असतो तर गेलो असतो, आणि जाताना एकदा हॉर्न वाजवून गेलो असतो. अखेर ॲम्ब्युलन्स आली. विद्यार्थिनी उतरली. नानांना ती रोज भेटायची, पण तिथे ती डॉक्टर होती आणि डॉक्टरला कागद भरावा लागतो.

‘कोणी धडक दिली?’

‘पाहिलं नाही.’

‘तुम्ही पेशंटचे कोण?’

‘कोणी नाही,’ नाना म्हणाले. ‘तसंच लिही.’